बेकेराचा माग: बायबलमधील एका अल्पपरिचित पूर्वजाची वंशावळ कशी अभ्यासावी

सांगली-मिरज भागातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बायबल अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांनी वंशावळींचे अध्याय वगळू नयेत, असे मला मनापासून वाटते. मात्र सगळ्या वंशावळी एकदम हाती घेण्याऐवजी एकाच लहान नावाचा पाठपुरावा करावा. इस्राएलाच्या बारा वंशांपैकी बन्यामिनाच्या वंशातील बेकेर त्यासाठी फार चांगला आहे, कारण त्याच्याविषयी एकही कथा नाही. तो केवळ याद्यांमध्ये भेटतो आणि त्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत.

मराठी पवित्र शास्त्राची प्रत, त्यातील बारा वंशांच्या प्रदेशांचा नकाशा आणि हळदीच्या पेढीवर वापरतात तशी लांबट चोपडी एवढे साहित्य पुरते. चोपडीत चार रकाने आखून त्यांत उत्पत्ती 46:21, गणना 26:35-41, 1 इतिहास 7:6-12 आणि 1 इतिहास 8:1-5 (पुस्तकाचे नाव, अध्याय, मग वचने) येथील नावे मूळ क्रमाने उतरवावीत. नावे उतरवताना ती एकमेकांशी जुळवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण पुढचा सगळा अभ्यास त्या न जुळणाऱ्या जागांवरच उभा राहणार आहे.

पहिल्या रकान्यात बन्यामिनाला दहा मुलगे असून बेकेर दुसरा आहे. मिसर देशात जाणाऱ्या कुटुंबाच्या यादीत ही नावे आहेत, आणि त्याच कथेत थोडे आधी, 44 व्या अध्यायात, बन्यामिनाचा उल्लेख वारंवार कोवळा पोर म्हणून होतो. त्यावरून यादीचा हेतू घरातली माणसे मोजण्यापलीकडचा असावा, हे ध्यानात येते. गणनेत बन्यामिनाचे पाच मुलगे आहेत, पण त्यांत बेकेर नाही. तो तीनच वचने आधी एफ्राइमाच्या, म्हणजे दुसऱ्याच वंशात, बेकेरी कुळाचा पूर्वज म्हणून आढळतो. आर्द आणि नामान हे पहिल्या यादीतील मुलगे येथे बेलाचे मुलगे, म्हणजे बन्यामिनाचे नातू झाले आहेत. 1 इतिहास 7 मध्ये बेला, बेकेर आणि यदीएल असे तिघेच उरतात, तर पुढच्याच अध्यायात बन्यामिनाच्या पाच मुलांत बेकेर पुन्हा दिसेनासा होतो. तेथे बेलाला जेष्ठ पुत्र म्हटले आहे आणि त्यासाठीचा हिब्रू शब्द स्वरचिन्हांविना लिहिला की बेकेर या नावाच्या फार जवळ जातो. म्हणून नकलाकारांच्या हातून येथे नाव आणि विशेषण यांची गल्लत झाली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

या विसंगतींना चूक म्हणून बाजूला सारण्यापूर्वी आपल्याकडच्या हेळव्याची आठवण करावी. सातारा-सांगलीच्या गावांत येणारा हेळवी कुळाची वंशावळ सांगताना कोणती शाखा कोणत्या गावाहून कोठे गेली आणि कोण कोणत्या भावकीत मोडतो, हेही सांगतो. इस्राएलातही वंशावळ रक्ताच्या नात्याबरोबर कुळाचे स्थान आणि जमिनीवरील हक्क नोंदवत असे. नकाशावर एफ्राइम आणि बन्यामीन यांचे प्रदेश एकमेकांना लागून आहेत, तेव्हा सीमेवरचे एखादे कूळ कधी एका, तर कधी दुसऱ्या वंशात गणले गेले असण्याची शक्यता विचारात घ्यावी. मात्र गणनेच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात एफ्राइमाखाली बेकेर नाही, त्यामुळे या शक्यतेपुढे प्रश्नचिन्ह लिहून ठेवावे.

यानंतर 1 इतिहास 7:8 वर सर्वांत जास्त वेळ द्यावा. येथे बेकेराच्या नऊ मुलांची नावे आहेत आणि त्यांतील शेवटची दोन, अनाथोथ आणि आलेमेथ, ही बन्यामिनाच्या प्रदेशातील गावांचीही नावे आहेत. लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाला, दिलेल्या नगरांच्या यादीत, 1 इतिहास 6:60 मध्ये, ही दोन्ही गावे एकत्र येतात. अनाथोथ हे यरुशलेमेच्या ईशान्येला जवळच असलेले यिर्मया संदेष्ट्याचे गाव. तेथील शेत त्याने 17 शेकेल रुपे तोलून विकत घेतल्याचा वृत्तांत यिर्मया 32 मध्ये साक्षीदार आणि मोहरबंद खरेदीखतासह दिला आहे. ज्या गावाची अशी नोंद आहे, ते वंशावळीत एका माणसाचा मुलगा म्हणून यावे, यातच या लेखनाची रीत उघड होते. मला हे वचन संपूर्ण अभ्यासाचा गाभा वाटते. वर्गात ते नकाशावर बोट ठेवून वाचावे. लगेच पुढे बेकेराच्या वंशातील 20,200 शूर पुरुषांची संख्या येते, म्हणजे ही यादी लष्करी नोंदीच्या धर्तीची आहे, हेही तेथेच दाखवून द्यावे.

शेवटी चोपडीत बेकेराची नोंद लिहिताना दोन भाग करावेत: वचनांत स्पष्ट असलेले वर, अनुमान खाली. दावीद राजाविरुद्ध बंड करणारा बन्यामिनी शबा, ज्याला 2 शमुवेल 20:1 मध्ये बिक्रीचा पुत्र म्हटले आहे, तो याच कुळातला असावा असे अनेकांचे मत आहे. पण ती नोंद खालच्या भागातच ठेवावी, कारण बिक्री हे त्याच्या बापाचे नाव की कुळाचे, हे केवळ त्या वचनावरून ठरत नाही.