रॅबिटएमक्यू उबुंटूवर स्टार्टच होत नव्हतं, घोळ होस्टनेमचा निघाला

अंधेरीच्या ऑफिसात उबुंटू सर्व्हरवर रॅबिटएमक्यू (प्रोग्रॅममधले मेसेज इकडून तिकडे पोचवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, इन्स्टॉल नीट झालं पण सर्व्हिस काही उठेना, लॉगमध्ये सारखं 'ईपीएमडी एरर' आणि पुढे 'एनएक्सडोमेन', म्हणजे नाव सापडत नाही. काढून परत टाकलं, एरलँगचं (रॅबिट ज्या भाषेत लिहिलंय ती) व्हर्जन बदललं, ईपीएमडीचा 4369 पोर्ट बघितला, ढिम्म. शेवटची लोकल पण गेली, जाम वैतागलो.

मग दिसलं, सर्व्हरचं होस्टनेम आदल्या दिवशी बदललेलं पण होस्ट्स फाइलमध्ये (/etc/hosts, नाव आणि आयपीची यादी) जुनंच नाव, आणि रॅबिट आपल्या नोडचं (चालू सर्व्हरचं) नाव होस्टनेमवरूनच बनवतं, ते रिझॉल्व्ह झालंच पाहिजे, म्हणजे त्या नावावरून आयपी मिळालाच पाहिजे. आधी 'होस्टनेम -एस' (hostname -s) कमांड देऊन नाव बघा, होस्ट्स फाइलमध्ये 127.0.1.1 पुढे तेच नाव जसंच्या तसं लिहा, 'गेटेंट होस्ट्स' (getent hosts) आणि पुढे ते नाव देऊन त्याला आयपी येतोय ना बघा, मगच सर्व्हिस रीस्टार्ट करा. लगेच रॅबिट आपल्या 5672 पोर्टवर कनेक्शन घ्यायला लागलं.