एका खिडकीच्या उजेडात भाज्यांचा कलात्मक फोटो कसा काढावा

सर्वांत आधी घरातले दिवे बंद करा. खिडकीतला उजेड निळसर असतो, बल्बचा पिवळट. दोन्ही एकत्र पडले की कोबी एका बाजूने हिरवा आणि दुसऱ्या बाजूने मातकट दिसतो, आणि नंतर एडिटिंगमध्ये ते निस्तरणं फार किचकट होतं.

थेट ऊन येत नाही अशी खिडकी घ्या. ऊन येत असेल तर पांढरी पातळ चादर आडवी लावा. टेबल खिडकीपासून दोन-तीन फुटांवर मांडा. उजेड भाजीवर बाजूने, शक्यतो जरासा मागून यायला हवा. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर भाजी सपाट दिसते. पार्श्वभूमीचं गडद कापड भाजीच्या तीन-चार फूट मागे टांगा, म्हणजे ते आपोआप काळोखात जातं.

भाजी निवडायला मात्र भरपूर वेळ द्या. वाकड्या देठाचं वांगं, पापुद्रा सुटलेला लसूण, मधोमध चिरलेला कोबी. गुळगुळीत, एकसारख्या भाज्यांपेक्षा यांच्यात बघण्यासारखं खूप असतं. सुरुवातीला एकच भाजी घ्या.

आता सावली घडवायची. खिडकीच्या विरुद्ध बाजूला, भाजीच्या अगदी जवळ काळा पुठ्ठा उभा करा. भिंतीवरून परतणारा उजेड अडतो आणि ती बाजू खोल, गडद होते. फारच काळी वाटली तर तिथेच पांढरा कागद धरा आणि हळूहळू लांब नेत बघा. वांग्याची साल तर आरशासारखी असते. पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी योग्य कोनात धरली की गडद जांभळ्या कडेवर वरपासून खालपर्यंत उजळ रेघ उमटते आणि वांग्याला गोलाई येते. माझा निम्मा वेळ या पट्टीतच जातो, आणि तो सार्थकी लागतो. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा प्रसिद्ध फोटो काढला. नरसाळ्याच्या आतल्या पत्र्यावरून परतलेला उजेड तिच्या वळणांवर पडला. घरात नरसाळं असेल तर हे जरूर करून पाहा.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ ८ ते ११ (म्हणजे लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी लहान), दोन सेकंदांचा टायमर. शटर अर्धा-एक सेकंद उघडं राहिलं तरी चालेल, भाजी हलत नाही. गडद दृश्य कॅमेरा उगाच उजळ करतो, म्हणून एक्सपोजर एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा ठेवा. मोबाइल असेल तर तोही टेकवून ठेवा, भाजीवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि पडद्यावरची उजेडाची खूण खाली ओढा. वाइड लेन्स नको, जवळचा भाग फुगतो. थोडं मागे सरकून दुप्पट झूम वापरा.

थेंब हवे असतील तर शेवटी द्या. पाणी आणि ग्लिसरीन समप्रमाणात मिसळून फवारलं की ते लवकर ओघळत नाहीत. तोवर उजेड उतरला असेल तर शटरचा वेळ वाढवा, दिवा लावू नका.