आठवणी पुसलेल्या सायबर-मारेकऱ्याची थ्रिलर कशी लिहायची, तेही सोलापुरात

आमच्या ओळखीच्या एक अव्वा (आजी) होत्या, जन्मभर विड्या वळल्या त्यांनी. शेवटची दोन वर्षं त्यांना पोराचं नाव आठवायचं नाही, सून समोर आली तर 'तू कुणाची गं' म्हणून विचारायच्या, पण मांडीवर सूप ठेवलं आणि पान-तंबाखू दिली की बोटं चालू. पान गुंडाळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा, हाताकडं बघत पण नव्हत्या. मेंदूत यंत्र बसवलेला, सगळ्या आठवणी पुसलेला मारेकरी हा विषय घेऊन मी लिहायला बसलो तेव्हा दहा-बारा पानं नुसत्या गोळीबाराची झाली आणि सगळी फाडली, कारण त्यात माणूसच नव्हता. मग त्या अव्वांची बोटं आठवली आणि गोष्ट कुठून सुरू करायची ते कळलं. ज्यांना असली कथा लिहायचीय त्यांच्यासाठी मी कसं केलं ते क्रमानं सांगतो.

पायरी १: नेमकं काय पुसलंय ते आधी ठरवा

'त्याला काहीच आठवत नव्हतं' हे वाक्य लिहू नका. आठवण ही एक वस्तू नाहीये. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाची फिट थांबावी म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया झाली, त्यात दोन्ही बाजूच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा, मोठा भाग काढला गेला, आणि त्यानंतर २००८ मध्ये वारेपर्यंत त्याला नवीन घटना लक्षातच राहिल्या नाहीत. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. तीन दिवस रोज सराव, आणि रोज त्याला वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतोय, पण हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला. म्हणजे 'काय झालं' हे एकीकडं साठतं आणि 'कसं करायचं' हे दुसरीकडं. तुमच्या मारेकऱ्याला नेम धरता येतो पण नाव सांगता येत नाही, हे त्यामुळंच पटतं.

अजून एक प्रयोग, १९११ चा, क्लापारेद नावाच्या स्विस डॉक्टरांचा. स्मृती गेलेल्या बाईंशी हात मिळवताना त्यांनी हातात टाचणी लपवली आणि टोचली. पुढच्या वेळी बाईंना टाचणी आठवत नव्हती, पण हात पुढं करायला तयार नव्हत्या, आणि का ते त्यांना सांगता येईना. असा एक तरी प्रसंग तुमच्या कथेत हवाच, मारेकरी एखाद्या दारापाशी थांबतो, पाय उचलत नाही, का ते त्याला माहीत नाही, वाचकाला मात्र हळूहळू कळत जातं.

आणि जुन्या आठवणी सहसा जास्त चिवट असतात, फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी हे १८८१ मध्येच मांडलं होतं. मागच्या वर्षीचं पुसणं सोपं, लहानपणीचं अवघड. तेव्हा कथेत फट ठेवायची तर ती लहानपणात ठेवा.

पायरी २: तो आधी कोण होता ते ठरवा

इथं सोलापूर कामाला येतं. माझा नायक पूर्व भागातला, यंत्रमागावर काम केलेला, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नडपण कानावर. आठवणी गेल्यात, पण रायफलचा स्कोप लावताना तो वाऱ्याची मोजणी मनातल्या मनात 'ओकटी, रेंडु, मूडु' अशी करतो, आणि त्याला ट्रेनिंग देणाऱ्यांना वाटतं हा कुठला तरी कोड आहे. दोरी तुटली की दुसऱ्या कुणाला समजायच्या आत बोटांनी गाठ मारून मोकळा.

सोलापुरी चादरीची नक्षी मागावर बसवलेल्या जॅकार्ड नावाच्या यंत्रावर निघते, त्याला भोकं पाडलेली कार्डं लागायची, भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो. कार्डं बदलली की डिझाईन बदलतं, ताणा (उभे धागे) तोच राहतो. मी हे चित्र अख्खी कादंबरीभर मनात ठेवलं, पात्रांच्या तोंडी मात्र एकदाही घातलं नाही. तुम्हीपण तुमच्या नायकाचा पहिला धंदा असाच निवडा, हाताचा, वर्षानुवर्षं केलेला. भाकरी थापणारी चालेल, टेलर चालेल.

पायरी ३: पुसतात कसं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण थ्रिलरचं इंजिन इथंच आहे.

२००० मध्ये करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. आधी आवाज ऐकवून शॉक दिला, उंदीर त्या आवाजाला घाबरायला शिकले. मग नंतर तो आवाज परत ऐकवला आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डालात (भीती जिथं शिकली जाते त्या भागात) प्रोटीन तयार होणं थांबवणारं औषध टोचलं. पुढच्या वेळी भीती खूपच कमी झालेली. पण आवाज न ऐकवता नुसतं औषध दिलं तर भीती तशीच. म्हणजे आठवण वर काढली की ती थोडा वेळ कच्ची होते, परत पक्की व्हायच्या आत हात घातला तरच बिघडते. हे उंदराच्या भीतीपुरतं आहे, माणसाचं अख्खं आयुष्य असं पुसता येत नाही, तिथून पुढं तुमची कल्पना.

पण बघा यातून काय मिळतं. पुसायचं असेल तर आधी आठवायला लावावं लागतं. म्हणजे कुणीतरी त्याच्यासमोर बसून विचारलंय, आई कशी दिसायची, अक्का तुला काय म्हणून हाक मारायची, तू कुठल्या बोळात सायकल शिकलास, त्यानं रडत रडत सांगितलंय, आणि सांगून झालं की ते गेलंय. आता ते सगळं फक्त त्या विचारणाऱ्या टेक्निशियनकडं आहे. नायकाची आई आता त्या परक्या माणसाला आठवते. मला हे सुचलं त्या रात्री झोप लागली नाही. खलनायक कोण हा प्रश्नच बदलला, टेक्निशियन हाच दुसरा नायक झाला.

दुसरी गोष्ट, जे विचारलंच नाही ते पुसलंच गेलं नाही. विचारणाऱ्यांनी नातेवाईक विचारले, पत्ते विचारले, मागाचं कुणी विचारलं नाही कारण त्यांना ते महत्त्वाचं वाटलं नाही. पायरी २ मधला धंदा आता इथं येऊन बसतो.

पायरी ४: यंत्राला मर्यादा द्या

'सायबरनेटिक्स' या नावानं नॉर्बर्ट वीनर यांचं पुस्तक १९४८ मध्ये आलं, शब्द ग्रीकमधला, सुकाणू धरणाऱ्यावरून घेतलेला. मूळ कल्पना फीडबॅकची, बघायचं, चूक मोजायची, दुरुस्त करायची. मागावर बाणा (आडवा धागा) तुटला की माग आपोआप थांबतो, तो पण फीडबॅकच.

आता मर्यादा. इलेक्ट्रोडभोवती मेंदू हळूहळू व्रण तयार करतो आणि सिग्नल कमी होत जातो. मेंदूत चिप बसवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीनं जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसात १,०२४ इलेक्ट्रोड बसवले, त्यातले काही धागे नंतर मेंदूतून मागं सरकले. तुमच्या मारेकऱ्याचं यंत्रपण महिन्यामहिन्यानं बिघडू द्या, कथेला आपोआप मुदत मिळते.

आणि उष्णता. अख्खा मेंदू साधारण २० वॅटवर चालतो, कवटीत जास्तीची चिप तापली की ती उष्णता रक्तातूनच बाहेर जाणार, आणि हवा अंगापेक्षा गरम असली की शरीराला गार करायला घामच उरतो. मे महिन्यातल्या सोलापुरात, चाळिशीच्या वरच्या उन्हात, हा माणूस दुपारी सात रस्त्याला उभा राहिला तर चक्कर येऊन पडेल. म्हणून त्याला पाठवणारे थंडीची तारीख निवडतात, आणि थंडीत इथं काय असतं ते सांगायला नको.

बंदुका, गाड्या, संघटनेचं नाव, हे एका बसणीत उरकून टाका.

पायरी ५: गड्ड्यात आणा

जानेवारी, संक्रांत, सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजेच आमचा गड्डा. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंद्या, होम मैदानावर शोभेचं दारूकाम. गोळीचा आवाज लपवायला यापेक्षा चांगली जागा नाही असं त्याला पाठवणाऱ्यांना वाटतं. नायक गर्दीत उभा आहे, समोर लक्ष्य, चिप सांगतेय अंतर, वारा, ठोके. तेवढ्यात शेजारून कुणीतरी ओरडतं, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला', आणि त्याच्या तोंडून 'हर्र' बाहेर पडतं. त्याला कळायच्या आत. शेजारचा म्हातारा त्याच्याकडं बघून विचारतो, 'कुठल्या पेठेतला बे तू?'

या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका, पुढची पन्नास पानं त्याच्यावर चालतात.

पायरी ६: माग चालवलेल्या माणसाला वाचून दाखवा

मी लिहिलं होतं की नायक रात्री अशोक चौकाकडून जातो, मागांची खटखट ऐकतो आणि त्याला भरून येतं. गल्लीतल्या एका काकांना वाचून दाखवलं, तीस वर्षं माग चालवलेत त्यांनी. ते म्हणाले, हे चुकलंय बाळा, मागवाल्याला खटखट ऐकूच येत नसते, चार माग चालू असताना त्यातला एक बंद पडला तर तेवढंच ऐकू येतं.

घरी येऊन प्रसंग परत लिहिला. आता तो रस्त्यानं सरळ चाललाय, कारखान्याकडं बघतपण नाही, आणि आत कुठंतरी एक माग थांबतो. त्याची पावलं थांबतात, मान वळते, उजव्या हाताची दोन बोटं हवेत तुटलेला धागा शोधायला लागतात.