एम.ए. सायकॉलॉजी: पहिल्या वर्षात या चुका टाळा

बी.ए.ला पाठांतरावर निभावून जातं. मानसशास्त्रज्ञ मास्लोचा गरजांचा पिरॅमिड काढला, पाच थर रंगवले, गुण मिळाले. बडोद्यात एम.ए.च्या पहिल्याच सेमिनारला मी तोच पिरॅमिड फळ्यावर काढला आणि मॅडमनी शांतपणे विचारलं, “हा मास्लोनं काढलाय? कशावरून?” त्याच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिड नाहीच, तो मागाहून इतरांनी काढला. मी तो लेख उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. पुढची दोन वर्षं हाच ‘कशावरून?’ पाठीशी लागणार हे तेव्हा कळलं नाही.

रिसर्च पेपर कादंबरीसारखा वाचणं

विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत बसून पहिल्या ओळीपासून पिवळा हायलायटर फिरवत मी वाचायचे. संध्याकाळी पान पिवळं, डोकं कोरं. आधी सारांश वाचा, मग पद्धत, मग तक्ते. चर्चा सगळ्यात शेवटी, कारण तिथं लेखक आपली बाजू रंगवत असतो. मग पेपर मिटून तीन ओळी आठवून लिहा. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परत परत वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे. हा प्रयोग आपल्याला परीक्षेत लिहिता येतो, स्वतःवर लावावा हे काही सुचत नाही.

आधी फॉर्म, मग विचार

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. माझ्या एका मैत्रिणीनं गणपतीत दांडिया बाजारातल्या ओळखीच्या घरांतून प्रश्नावलीचे साठ फॉर्म भरून आणले आणि मग गाइडना विचारलं, “आता कुठली स्टॅटिस्टिकल टेस्ट लावू?” तिला वय आणि ताण यांचा सहसंबंध काढायचा होता, पण फॉर्मवर वयाचे रकाने होते, १८ ते २५, २६ ते ४० असे. नेमकं वय कुठेच नव्हतं. शिवाय साठातले निम्मे एकमेकांचे नातलग. मोदक खाऊन भरलेल्या त्या फॉर्मांवरून बडोद्याबद्दल काय बोलणार?

फॉर्म वाटण्याआधी निकालाचा रिकामा तक्ता काढा. कुठल्या चौकटीत कुठला आकडा येणार आणि तो कुठल्या प्रश्नातून येणार, ते लिहा. पाच जणांकडून भरून घेऊन आकडेमोड करून पाहा. जे अडायचं ते तिथंच अडेल.

आणि आकडेमोडीत पी (पी-व्हॅल्यू) ०.०३ आला म्हणून ‘माझं गृहीतक ९७ टक्के खरं’ असं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, म्हणू नका. मुळात फरक नसताच, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता ३ टक्के, एवढंच तो सांगतो.

उसनी चाचणी, उसनी भाषा

परदेशी चाचणी आणली, गुण काढले, ‘सरासरीपेक्षा कमी’ असं लिहिलं. कोणाच्या सरासरीपेक्षा? या बाबतीत आपल्याच गावात धडा आहे. डॉ. प्रमिला फाटक यांनी बाळांच्या विकासासाठीच्या बेली स्केल्सचं भारतीय रूप तयार केलं, ते बडोद्यातल्या बाळांवरून काढलेल्या नॉर्म्सच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या सरासरी आकड्यांच्या, आधारानं. ‘बडोदा नॉर्म्स’ हे नाव बालरोगतज्ज्ञांनाही ठाऊक असतं. आम्हाला मात्र पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं.

भाषांतराचंही तेच. ‘फील ब्ल्यू’चं ‘निळं वाटतं’ कोणी करणार नाही, पण ‘उदास वाटतं’ लिहूनही काम भागत नाही. आमची आजी म्हणते, “जीव कशात लागत नाही.” शेजारच्या गुजराती काकी म्हणतात, “गभरामण थाय छे,” म्हणजे घाबरल्यासारखं होतं. दोघींना एकच प्रश्न विचारून त्या एकाच गोष्टीचं उत्तर देतायत हे गृहीत धरू नका. एकानं मराठीत करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत आणावं, मग दोन्ही ताडून पाहावं. वेळ जातो, पण गाइडच्या लाल पेनापेक्षा बरं.

घरच्यांचं निदान

ॲबनॉर्मल सायकॉलॉजीचा, म्हणजे मानसिक विकारांचा, पेपर सुरू झाला की दुसऱ्या आठवड्यात घरात सगळे रुग्ण दिसू लागतात. सोवळ्यातली मावशी नळ तीनदा धुते म्हणून मी तिला ओसीडी (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार) लावून टाकला होता. निकष नीट वाचा: दिवसाला तासाहून जास्त वेळ जाणं, किंवा त्यापायी लक्षणीय त्रास होणं, रोजची कामं अडणं. मावशीचा स्वयंपाक अकराला तयार असतो आणि ती मजेत असते. निकष स्वतःलाही लावू नका. खरंच झोप उडाली असेल तर वर्गातल्या मैत्रिणीकडे नाही, तज्ज्ञाकडे जा.

‘आता डॉक्टर झालीस!’

नातेवाईक म्हणणारच. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेनं, म्हणजे आरसीआयनं, मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिच्या रजिस्टरमध्ये नोंद लागते. पुढच्या कोर्सची फी भरण्याआधी त्या संस्थेचं आणि कोर्सचं नाव परिषदेच्या यादीत स्वतः शोधा. प्रॉस्पेक्टसमध्ये कधीकधी नुसतं ‘मान्यताप्राप्त’ छापलेलं असतं, कोणाची मान्यता ते नसतं.