लाईट गेली-आली आणि व्हीएम उठेना: किनाऱ्यावरच्या घरगुती सर्व्हरची दुरुस्ती

किनारपट्टीवर घरी सर्व्हर ठेवायची कारणं साधी असतात: कलमांच्या बागेतले कॅमेरे, न्याहरी-निवासाच्या खोल्यांचं बुकिंग, हिशोबाचं विंडोज, घरभराचे फोटो. इथे धरलेली मांडणीही तशीच आहे. १६ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका कॉम्प्युटरवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली), सिस्टीमसाठी एक एसएसडी, डेटासाठी ४ टीबीच्या दोन हार्डडिस्क आणि दोन-तीन आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम. आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

व्हीएम सुरू होत नाही म्हणून लगेच तिच्या सेटिंगमध्ये हात घालू नये. शोध खालून वर घ्यायचा: वीज, जोडण्या, डिस्क, मग पूल (डिस्क एकत्र करून केलेला साठा) किंवा फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत), आणि सगळ्यात शेवटी व्हीएम. दोष कळेपर्यंत संशयित डिस्कवर काहीही लिहायचं नाही. डिस्क काढून लॅपटॉपला लावली की विंडोज ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारतं. उत्तर कायम ‘नाही’.

आधी वीज

मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल मोजा. २३० व्होल्टच्या आसपास हवेत. मग न्यूट्रल-अर्थ मोजा. तिथे दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा दिसला तर आधी वायरमनला बोलवा. जांभ्याच्या सड्यावर अर्थिंगचं दुखणं नेहमीचं: उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालत राहावं. अर्थिंग नसेल तर महागड्या सर्ज प्रोटेक्टरचाही फारसा उपयोग नाही, कारण जादा दाब जमिनीत सोडायला त्याला वाटच राहत नाही. पाऊस सुरू होण्याआधीच्या आणि परतीच्या पावसाच्या विजांत, घराबाहेर गेलेल्या कॅमेऱ्यांच्या लॅन केबलही स्विचमधून उपटून ठेवा. दणका तिथूनही आत येतो.

लाईट जाताच सर्व्हर रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये साठा जेमतेम १६-१७ मिलिसेकंदांचा असतो. इन्व्हर्टर साध्या मोडवर असला तर बदल व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. तो यूपीएस मोडवर ठेवा. तरीही यूएसबी पोर्ट असलेला छोटा यूपीएस मध्ये हवाच, कारण ‘आता बंद हो’ हे सर्व्हरला तोच सांगू शकतो. त्यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, बसवा. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ एएचची एक बॅटरी असते. कागदावर ८४ वॉट-तास, हातात निम्मेच धरा. प्रॉक्समॉक्स मूळ सेटिंगने प्रत्येक व्हीएमला बंद व्हायला १८० सेकंदांपर्यंत वेळ देतं, तेव्हा बॅटरी शेवटच्या घटका मोजत असताना शटडाऊन सुरू करून भागत नाही. लाईट जाऊन पाच मिनिटं झाली की बंद करायला घ्या. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. यूपीएस सर्व्हर चालवत ठेवण्यासाठी नाही, नीट बंद करण्यासाठी आहे.

आणखी एक स्वस्तातला दोष: मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी. ती उतरली की लांबलेल्या अंधारानंतर बायोसची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीची, सगळी सेटिंगं पुसली जातात. मग तीन तक्रारी एकदम येतात. तारीख चुकते, त्यामुळे सर्टिफिकेटच्या चुका दिसतात. लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग जातं. आणि व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे प्रोसेसरची व्हीएम चालवायची सोय, बंद होतं, म्हणून एकही व्हीएम उठत नाही आणि ‘केव्हीएम उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. हा संदेश दिसला तर डिस्कला दोष देऊ नका. नवी बॅटरी घाला, बायोसमध्ये इंटेलवर व्हीटी-एक्स किंवा एएमडीवर एसव्हीएम चालू करा, तारीख लावा. मुंबईत बसून गावचा सर्व्हर चालवणाऱ्या चाकरमान्यांनी ही बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी गणपतीत बदलून टाकावी.

जोडण्या आणि खारी हवा

समुद्रावरच्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं आणि धातूच्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवट थर चढतो. सर्व्हर पूर्ण बंद करून प्लग काढा, साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) आणि पॉवर दोन्ही टोकांनी उपसून बॅटरीच्या उजेडात बघा. थर असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. तेलकट गंजनाशक स्प्रे नको, त्यावर धूळ बसते. रॅमच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने घासायची पद्धत चालते, पण कण झटकून वर अल्कोहोलचा हात फिरवा. साटा केबल गंजली असेल तर साफ करत बसू नका, सरळ नवी घ्या, क्लिपवाली. जुन्या चार पिनच्या प्लगवरून साटा पॉवर काढणारे ओतीव प्लास्टिकचे स्वस्त जोड मात्र घेऊच नका. ते आतून शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत.

बाहेरच्या डब्यातली ३.५ इंची डिस्क टक-टक करून बंद पडत असेल तर तिला मृत ठरवण्याआधी १२ व्होल्टचा अडॅप्टर बदलून बघा. अशी डिस्क फिरायला लागताना दोन अँपिअरच्या आसपास ओढते. दमलेला अडॅप्टर तेवढं देऊ शकत नाही, आणि आवाज अगदी मरत्या डिस्कसारखाच येतो.

डिस्क काय सांगते

आता ‘एलएसबीएलके’ने डिस्क दिसते का बघा, ‘डीमेसेज -टी’ने (टाइप करताना डीएमईएसजी) तिच्याबद्दलचे संदेश वाचा, आणि मग ‘स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी’ (एसडीबीच्या जागी आपल्या डिस्कचं नाव). यूएसबीच्या डब्यात असेल तर मध्ये ‘-डी सॅट’ घालावं लागतं. वरचं ‘पास्ड’ हे एकूण मत फार मनावर घेऊ नका; बिघडत चाललेल्या डिस्कलाही ते मिळतं. शेवटच्या, म्हणजे रॉ रकान्यातले ठरावीक आकडे बघायचे.

१९९ क्रमांक, यूडीएमए सीआरसी एरर काउंट: हा वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा प्लगचा. केबल बदलल्यावरही जुना आकडा शून्य होत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने तोच आहे ना ते बघा. १९७, करंट पेंडिंग सेक्टर: वाचता न आलेल्या जागा. ५, रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर: बाद करून राखीव जागेत हलवलेल्या. १९८ म्हणजे दुरुस्त न झालेल्या. १९७ शून्याच्या वर गेला की आधी बॅकअप ताजा करा, मग ‘स्मार्टसीटीएल -टी लाँग’ चाचणी लावा. ४ टीबीला सात-आठ तास सहज लागतात. अचानक वीज गेल्याने अर्धवट लिहिलेली जागाही पेंडिंगमध्ये येते आणि त्या जागेवर पुन्हा लिहिलं गेलं की निघून जाते, तेव्हा १९७चा एखाददुसरा आकडा लगेच मृत्युलेख समजू नये. पण ५ आणि १९७ दोन्ही आठवड्यागणिक वाढत असतील तर डिस्क बदला. आणि १९९ वाढतोय, ५ व १९७ शून्य आहेत, अशा डिस्कवर पैसे घालवू नका. साठ-सत्तर रुपयांची केबल पुरते.

पूल

पूल झेडएफएसचा (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी, चुका ओळखणारी फाइलसिस्टीम) असेल तर ‘झेडपूल स्टेटस -व्ही’. सीकेसम रकान्यात एकाच डिस्कसमोर आकडे असतील तर तिची केबल किंवा ती डिस्क. सगळ्यांसमोर सारखेच असतील तर रॅम, कंट्रोलर किंवा पॉवर सप्लाय; रात्रभर मेमटेस्ट चालवा. पूल ‘सस्पेंडेड’ दाखवत असेल तर डिस्क मधूनच गायब झाली होती: जोडणी नीट करा, मग ‘झेडपूल क्लिअर’, मग ‘झेडपूल स्क्रब’ (सगळा डेटा वाचून तपासणं). पूल इम्पोर्टच होत नसेल तर आधी ‘-ओ रीडओन्ली=ऑन’ने उघडून फाइली बाहेर काढा. मोठ्या ‘एफ’चा पर्याय शेवटच्या काही नोंदी टाकून देतो, तो शेवटचा उपाय.

डिस्क बदलताना नवी डिस्क सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे याची खात्री करा. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्कवर मिरर (दोन डिस्कवर एकच डेटा) पुन्हा भरायला कित्येक दिवस लागू शकतात, आणि तोवर सगळा भार उरलेल्या एका डिस्कवर.

फाइलसिस्टीम ईएक्सटी४ (लिनक्समधली नेहमीची) असेल तर आधी ‘ई२एफएससीके -एन’. हा पर्याय फक्त वाचतो, काही बदलत नाही. यादी लांबलचक आली तर दुरुस्ती मूळ डिस्कवर करू नका, प्रतीवर करा. प्रत काढायला डीडीरेस्क्यू. डेबियनमध्ये (प्रॉक्समॉक्स ज्यावर उभं आहे ते लिनक्स) पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे. पहिल्या फेरीत ‘-एन’, म्हणजे सोपा भाग आधी हाती लागतो. दुसऱ्या फेरीत ‘-डी -आर३’. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) तिसऱ्याच डिस्कवर ठेवा, नाहीतर मध्ये लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आज्ञेत जुनी डिस्क आधी, नवी नंतर. हा क्रम उलटला तर चांगला डेटा कायमचा जातो, म्हणून एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर लेबलशी ताडून बघा.

आता व्हीएम

‘लॉक्ड’ (बॅकअप): बॅकअप चालू असताना लाईट गेली. बॅकअपचं काम खरोखर चालू नाही ना ते टास्कच्या यादीत बघा, मग ‘क्यूएम अनलॉक १०१’ (१०१च्या जागी आपल्या व्हीएमचा क्रमांक).

‘आयओ-एरर’ दाखवून व्हीएम थांबली: बहुधा थिन पूल (व्हीएमना लागेल तशी जागा देणारा साठा) भरला. ‘एलव्हीएस’मध्ये डेटा आणि मेटा हे दोन्ही टक्के बघा, मेटा भरला तरी घात होतो. या वेळी रीसेट मारू नका. जुने स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या-त्या वेळी जतन केलेल्या अवस्था) काढून जागा करा, मग ‘क्यूएम रिझ्यूम’. पुढे असं होऊ नये म्हणून व्हर्च्युअल डिस्कला डिस्कार्ड चालू करा आणि लिनक्स व्हीएममध्ये दर आठवड्याला ‘एफएसट्रिम’ लावा, नाहीतर आत पुसलेल्या फाइलींची जागा बाहेर मोकळी होत नाही.

व्हीएम रात्री आपोआप बंद पडते: ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये झेडएफएसची कॅश अर्ध्या रॅमपर्यंत जाते. १६ जीबीत ती २ जीबीवर बांधा, २ जीबी होस्टला (खुद्द प्रॉक्समॉक्सला) सोडा, उरलेली व्हीएमना वाटा.

सर्वांत फसवा दोष बॅकअपच्या यूएसबी डिस्कचा. लाईट आल्यावर डिस्क माउंट झालीच नाही, म्हणजे आपल्या फोल्डरला जोडली गेली नाही, तर बॅकअप तिच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसएसडीवरच पडत जातो. काही दिवसांत एसएसडी भरते, वेबवरून लॉगिनही होत नाही, आणि सगळ्यांना वाटतं सर्व्हर गेला. ‘डीएफ -एच’मध्ये मूळ विभाजन १०० टक्के दिसलं की त्या फोल्डरमध्ये डोकवा. कायमचा उपाय: ‘पीव्हीईएसएम सेट बॅकअप --इझ_माउंटपॉइंट १’ (‘बॅकअप’च्या जागी आपल्या स्टोरेजचं नाव), आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना माउंट करायच्या डिस्कची यादी) यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा कायमचा ओळख क्रमांक) व ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी सर्व्हर अडत नाही). व्हीएमला आख्खी डिस्क दिली असेल तर ती ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’च्या नावाने द्या, एसडीबीची एसडीसी व्हायला एक रीस्टार्ट पुरतो. तीच डिस्क होस्टवरही माउंट करू नका, दोन्हीकडून लिहिलं की फाइलसिस्टीम फाटते.

पावसाळ्याआधी

घर कुलूपबंद राहणार असेल तर बॅकअपची डिस्क हवाबंद डब्यात, १००-२०० ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास सुकवून परत वापरता येतं. एसीच्या खोलीतून आणलेली डिस्क दमट हवेत लगेच जोडू नका, दोन तास तशीच राहू द्या. सर्व्हर जमिनीवर नको, कौलांच्या गळतीखाली नको, आणि २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी कुठवर चढलं होतं ते ठाऊक असणाऱ्यांनी तळमजल्यावरही नको. एक प्रत दुसऱ्या गावी, पुण्या-मुंबईच्या घरी, असू द्या.

बॅकअप उघडतो का ते मे महिन्यातच तपासा. एक व्हीएम ‘क्यूएमरीस्टोअर’ने ९०१ अशा नव्या क्रमांकावर उतरवा. चालू करण्याआधी तिच्या नेटवर्क कार्डाचा दुवा तोडा, नाहीतर एकाच आयपीच्या दोन मशीन भांडू लागतात. हिशोबाची फाइल आत उघडून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा, आणि मग ९०१ पुसून टाका.