वीस बाय बाराच्या घरात काय कुठे बसवायचं

कणकवलीजवळ बागेत आम्ही बांधलेलं घर बाहेरून 20 बाय 12 फूट आहे. जांभ्या चिऱ्याची 9 इंची भिंत वजा केली की आत उरतात साडेअठरा बाय साडेदहा, म्हणजे 240 पैकी 194 चौरस फूट. एवढ्या घरात हा फरक एका न्हाणीघराएवढा नव्हे, त्याहून मोठा. तेव्हा आतली मापं धरूनच आखणी करा.

सगळे पलंगापासून सुरू करतात. तुम्ही पाण्यापासून करा. न्हाणीघर आणि सिंक एकाच बाहेरच्या भिंतीला लागून घेतले की पाइप कमी लागतात, गळती शोधणं सोपं जातं आणि सांडपाण्याच्या पाइपला फुटाला पाव इंच उतारही आरामात मिळतो. आमचं न्हाणीघर वायव्येला, साडेचार बाय सहा फूट. त्याच उत्तरेच्या भिंतीला पुढे सहा फुटी ओटा. अंघोळीचं आणि सिंकचं पाणी माडाच्या आळ्यात जातं; संडासाची लाइन वेगळी, सेप्टिक टाकीला. टाकी विहिरीपासून 50 फूट तरी लांब हवी. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत 15 इंच सोडा आणि दार बाहेर उघडू द्या, नाहीतर आत बादली ठेवली की दार अडलंच.

न्हाणीघर पश्चिमेला घेण्याचं खरं कारण पाऊस. कोकणात तो पश्चिम-नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूला न्हाणीघर आणि अडगळीची खोली टाकली की ओल त्यांच्या वाट्याला येते, झोपायची बाजू कोरडी राहते. वास्तुवाल्या काकांनी स्वयंपाकघर आग्नेयेला सांगितलं होतं. त्यांना चहा दिला.

ओट्याची उंची पुस्तकातून घेऊ नका. जी व्यक्ती रोज रांधणार, तिचा हात कोपरात वाकवून कोपरापासून चार-सहा इंच खाली खूण करा. आई बुटकी, म्हणून आमचा ओटा 31 इंच. ओट्याखाली सिलिंडर उभाच ठेवायचा आणि त्या कप्प्याला जमिनीलगत जाळी ठेवायची. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साचतो.

आता फक्की आणा. जोत्यावर भर पडल्यावर चुन्याने सगळं खऱ्या मापात आखा: ओटा, दिवाण, फ्रिज, प्रत्येक दार उघडल्यावर किती जागा खातं तेसुद्धा. मग त्यात वावरून बघा. आईने हातात परात घेतली, ओट्याच्या रेघेपासून पडवीपर्यंत चालत गेली आणि वाटेत फ्रिजच्या चौकोनाला कोपर लावून म्हणाली, "हा इथे नको गो." फ्रिज दुसऱ्या बाजूला गेला. ओटा आणि साडेतीन फुटी दिवाण यांच्यामध्ये पाच फूट मोकळे राहिले. तीन फुटांखाली मात्र जाऊ नका, एक जण भाकरी थापत असताना दुसऱ्याला मागून जाता आलं पाहिजे.

भिंतीत मिटणाऱ्या पलंगावर माझा विश्वास नाही. चार दिवस उत्साहाने मिटतो, मग उघडाच राहतो. त्यापेक्षा खाली खण असलेला दिवाण घ्या. न्हाणीघरावर सात फुटांवर स्लॅब टाकून पोटमाळा काढला. मधल्या आढ्याखाली तिथे पाच फूट उंची मिळते. बसता येतं, गाद्या-गोधड्या, आंब्याचे रिकामे खोके राहतात. मे महिन्यात तिथे झोपायला कुणाला पाठवू नका.

आणि चार महिने कपडे कुठे वाळणार, हे दिवाण ठरवण्याआधी ठरवा. आम्ही पूर्वेला पाच फूट रुंद पडवी काढली, तिच्या वाशांना आडव्या काठ्या टांगल्या, वॉशिंग मशीनही तिथेच. धो धो पावसात जीन्स मात्र आत पंख्याखालीच येते, म्हणून दिवाणाच्या वर छताला दोन हूक आधीच बसवून घ्या.

विजेचे पॉइंट शेवटी, गिलाव्याआधी, खडूने भिंतीवर. मिक्सरचा सिंकपासून लांब, आणि मोबाइलचा उशाशी.