कुर्बानीचे जनावर निवडताना या चुका टाळा

बकरी ईद आठवड्यावर आली की चाकणच्या शनिवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि त्या गर्दीत बहुतेक जण आधी भाव विचारतात, मग रंग आणि शिंगे पाहतात; जनावराचे तोंड उघडून पाहणे मात्र राहून जाते. सर्वांत महागात पडणारी चूक हीच, कारण वय भरलेले नसेल तर बोकड कितीही देखणा असला तरी त्याची कुर्बानी होत नाही.

हनफी मताप्रमाणे (हनफी आणि शाफई हे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन पंथ) बोकडाला एक वर्ष पूर्ण हवे, आणि तेही हिजरी, म्हणजे साधारण ३५४ दिवसांचे. खालचा ओठ अंगठ्याने हळूच खाली ओढून पाहावे. बोकडाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. ते सगळे बारीक आणि दुधाचे असतील तर जनावर आदत, आणि मधले दोन पडून तिथे रुंद, पक्के दात आले असतील तर ते दोन दाती. हे दात सहसा वर्ष उलटल्यावरच येतात, त्यामुळे दोन दाती बोकडाच्या बाबतीत मन निःशंक राहते. आदत बोकडही वर्षाचा असू शकतो, परंतु ते दलालाच्या शब्दावर मानू नये. ज्याच्या गोठ्यात तो वाढला त्या शेतकऱ्यालाच विचारावे की, शेळी मागच्या बकरी ईदेच्या आधी व्यायली होती का. पुण्यात स्थायिक झालेल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांनी विशेष जपावे, कारण त्यांच्यात बहुधा शाफई मत पाळले जाते आणि त्या मताप्रमाणे बोकडाला दोन वर्षे पूर्ण लागतात. हनफी मतात सहा महिन्यांचा मेंढा चालतो, पण तो वर्षभराच्या मेंढ्यांत उभा केल्यावर वेगळा ओळखू येऊ नये इतका भरलेला असावा. महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे, म्हणून मोठ्या जनावराचा विचार करताना हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरी चूक म्हणजे बांधलेले जनावर बांधलेलेच पाहणे. दावे सोडायला लावून त्याला दहा-वीस पावले चालवावे. एका डोळ्याने स्पष्टपणे आंधळे, उघड आजारी, उघड लंगडे आणि हाडांत मगज न उरण्याइतके खंगलेले, अशी चार जनावरे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, नाकारलेली आहेत. एक तृतीयांशाहून अधिक कान किंवा शेपूट कापलेले जनावर हनफी मतात चालत नाही. जन्मतः शिंगे नसणे किंवा खच्ची केलेले असणे हा मात्र दोष नव्हे, आणि केवळ त्या कारणाने चांगला बोकड नाकारणाऱ्यांचे मला वाईट वाटते. पापणी उलटून पाहावी; आतला भाग गुलाबी असावा, पांढुरका दिसल्यास रक्त कमी आहे आणि बहुधा पोटात जंत आहेत. नाकाला शेंबूड, शेपटीखाली चिकटलेली पातळ विष्ठा, चाऱ्याकडे न वळणारी मान, यांतले काहीही दिसले तर पुढच्या दावणीकडे जावे.

किलोवर घेताना पोटाकडे लक्ष ठेवावे. पाठीचा कणा आणि बरगड्या हाताला टोचत असतील, पण पोट मात्र टम्म असेल, तर वजन मांसाचे नसून नुकत्याच पाजलेल्या पाण्याचे असण्याची शक्यता मोठी.

घरी आणल्यावरची चूक आमच्याच घरी घडली आहे. मुलांनी लाडाने बोकडाला दिवसभर चपात्या आणि गहू चारले; रात्री त्याची डावी कूस ढोलासारखी ताणली आणि तो दात खात उभा राहिला. पशुवैद्यक वेळेवर आले म्हणून तो वाचला. सवय नसलेले धान्य एकदम पोटात गेले की पोटात आम्ल वाढते आणि जनावर दगावूही शकते, म्हणून खरेदी करतानाच विचारून घ्यावे की ते काय खात होते, आणि ईदेपर्यंत तेच द्यावे. कूस ताणलेली दिसताच दाणा बंद करून डॉक्टरांना बोलवावे, घरगुती काढे पाजत बसू नये.

खरेदीनंतर जनावर लंगडे झाले किंवा त्याचा डोळा गेला, तर हनफी मताप्रमाणे ज्याच्यावर कुर्बानी वाजिब, म्हणजे बंधनकारक, आहे त्याने दुसरे जनावर घ्यावे लागते. ज्याच्यावर ती वाजिब नव्हती आणि ज्याने स्वखुशीने जनावर घेतले, त्याला तेच चालते. जिबह करताना, म्हणजे सुरी फिरवताना, धडपडीत झालेली इजा मात्र दोष धरली जात नाही. अशी वेळ आल्यास मोहल्ल्यातील मौलानांना त्याच दिवशी मसला, म्हणजे धर्माचा नियम काय सांगतो ते, विचारावा, म्हणजे दुसरा बोकड पाहायला दिवस हाताशी राहतात.